केंब्रिजच्या आजोबांचे शोधनिबंध

जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांचा विल्सन्स डिसीजवरचा पहिला शोधनिबंध १९५६ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऐंशी वर्षांचे होऊन गेल्यावरही ते त्याच आजारावर लिहीत होते. शरीराला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही, ते आधी यकृतात आणि मग मेंदूत साठत जातं, असा हा आनुवंशिक विकार आहे. साधारण तीस हजारांत एकाला होतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. म्हणजे बहुतेक डॉक्टरांच्या आयुष्यात असा रुग्ण एखाददुसराच येतो, कित्येकांच्या तर येतच नाही. वॉल्शनी तीनशेहून अधिक पाहिले, आणि त्यातल्या कित्येकांना वर्षानुवर्षं पाहिलं.

मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. वैद्यकीय संशोधन हे माझं क्षेत्र नाही. मी या निबंधांकडे वळले ती माझ्या धाकट्या भावामुळे. घरात असा आजार आला की माणूस सापडेल ते वाचतो. मी सुरुवातीला खूप काही वाचलं आणि त्यातलं बरंचसं सोडून दिलं. वॉल्श यांचे निबंध मात्र मिळतील तसे जमवले, तारखेप्रमाणे लावले आणि क्रमाने वाचले. तसे वाचले की ते सुटे निबंध वाटत नाहीत. एका माणसाने एका आजाराशी धरलेली दीर्घ सोबत दिसते. या सोबतीबद्दल लिहायचं माझ्या मनात बरीच वर्षं आहे.

भावाचा आजार दहावीच्या वर्षात उघड झाला. आधी अक्षर बिघडलं. मग बोलताना शब्द जड व्हायला लागले, जेवताना ताट हातातून निसटायला लागलं, आणि जो मुलगा कधी आवाज चढवत नव्हता तो आईवर ओरडायला लागला. कुणी म्हणालं, अभ्यासाचा ताण. कुणी म्हणालं, वयच तसं. एका डॉक्टरांनी मनावरच्या उपचारांच्या गोळ्या दिल्या. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी यंत्राखाली त्याची बुबुळं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि आईला विचारलं, “याच्या यकृताची तपासणी कधी झालीय का?” बुबुळाच्या कडेने हिरवट-तपकिरी कडं होतं. तांब्याचं. त्याला कायसर-फ्लायशर कडं म्हणतात. कायसरने ते १९०२ मध्ये नोंदवलं, फ्लायशरने १९०३ मध्ये. ते तांब्याचं आहे हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

निदान उशिरा होण्याचं हे दुखणं फक्त आमच्या घरचं नव्हतं, हे मला वॉल्श यांच्या १९९२ च्या निबंधाने दाखवलं. यीलंड यांच्यासोबत लिहिलेला हा निबंध पूर्णपणे निदानाच्या उशिरावरच आहे. अक्षर बिघडणं, शाळेत मागे पडणं, स्वभाव बदलणं, आणि त्यावर भलत्याच आजाराचं लेबल लागणं. इंग्लंडातल्या मुलांच्या त्या हकिगती वाचताना मी मध्येच थांबले आणि आईला हाक मारली. तिला इंग्रजी येत नाही. मी वाचत गेले, सांगत गेले. ती ऐकत होती, आणि मग एवढंच म्हणाली, “म्हणजे त्यांच्याकडच्या डॉक्टरांनाही कळलं नव्हतं.” निदान होईपर्यंतचे सगळे महिने ती स्वतःला दोष देत होती. त्या दिवशी तो दोष थोडा उतरला.

या आजाराला नाव मिळालं ते सॅम्युअल किनियर विल्सन यांच्यावरून. १९१२ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांचा दोनशेहून अधिक पानांचा निबंध आला. तरुण मुलं, थरथरणारे हात, आखडत जाणारं शरीर, गिळता न येणं, आणि मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूतला एक ठरावीक भाग नासलेला, सोबत यकृत गाठाळलेलं. यकृत आणि मेंदू यांना एका आजारात बांधणारं ते निरीक्षण आजही थक्क करतं. विल्सन यांना तांब्याचा पत्ता नव्हता. आजार एका कुटुंबात अनेकांना होतो हे त्यांनी पाहिलं, पण तो आनुवंशिक आहे असं त्यांना वाटलं नाही. यकृतातून निघणारं कुठलं तरी विष मेंदूला मारतं, असा त्यांचा कयास होता. विष होतं हे खरं निघालं. ते कोणतं, हे ठरायला १९४८ उजाडलं. त्या वर्षी लंडनच्या जॉन कमिंग्ज यांनी अशा रुग्णांच्या यकृतात आणि मेंदूत, दोन्हीकडे तांबं भरमसाट असल्याचं दाखवलं आणि एक सूचना केली: दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकच्या विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये जे रसायन तयार झालं, ते इथे वापरून पाहा. त्या उताऱ्याला ‘बाल’ (ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट) म्हणत. १९५१ मध्ये ते रुग्णांना दिलं गेलं आणि काहींना फरकही पडला. पण ते तेलातून, खोल स्नायूत टोचावं लागे. फार दुखे, आणि जन्मभर रोज टोचून घेणं कुणालाच झेपणारं नव्हतं.

इथे वॉल्श येतात. लंडनमध्ये असताना ते यकृताच्या रुग्णांच्या लघवीतली अमिनो आम्लं कागदी क्रोमॅटोग्राफीने तपासत होते. शाईतले किंवा पानातले रंग वेगळे करायला आमच्या प्रयोगशाळेत मुलं करतात, तीच ही पद्धत. एका रुग्णाच्या कागदावर ओळखू न येणारा एक ठिपका उमटला. त्या रुग्णाला पेनिसिलीन चालू होतं. अमिनो आम्लांचे जाणकार चार्ल्स डेंट यांच्या मदतीने ओळख पटली: ते पेनिसिलीनच्या मोडतोडीतून आलेलं पेनिसिलामाइन होतं. सिस्टीनसारखीच बांधणी, फक्त दोन मिथाइल गट जास्त. ही नोंद झाली आणि विषय तिथेच राहिला. पुढे वॉल्श बॉस्टनला गेले. तिथे मज्जाविकारतज्ज्ञ डेनी-ब्राउन यांच्या वॉर्डात त्यांनी विल्सन्स डिसीजचा एक रुग्ण पाहिला, आणि हा ठिपका त्यांना आठवला. गंधक असलेला रेणू, तोंडाने घेता येणारा, लघवीतून बाहेर पडणारा. तो तांब्याला धरून सोबत नेईल का? थोडंसं पेनिसिलामाइन मिळवलं, आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णाला दिलं. लघवीतलं तांबं वाढलं.

हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगते. गंधकाचा गट तांब्याला कसा धरतो, पाण्यात विरघळणारं संयुग कसं तयार होतं, हे फळ्यावर काढते. मुलं ऐकतात. पण माझ्या दृष्टीने त्या गोष्टीतला मोठा भाग वेगळाच आहे. बिनकामाची वाटणारी एक नोंद त्यांनी नीट लिहून ठेवली होती, तिचं नाव शोधून काढलं होतं. तो ठिपका कुणी ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिला असता तर बॉस्टनच्या वॉर्डात आठवायला काहीच उरलं नसतं. आणि माझा भाऊ विशीही बघता ना.

१९५६ चा निबंध वाचून मन भरून येतं, यात नवल नाही. पण त्यानंतरचे निबंध मला जास्त जवळचे वाटतात. औषध सापडलं, नाव झालं. आता माणूस दुसऱ्या विषयाकडे वळू शकला असता. वॉल्श केंब्रिजला आले आणि याच रुग्णांजवळ राहिले. १९६० च्या दशकात ऑस्बॉर्न यांच्याबरोबर किरणोत्सारी तांबं वापरून त्यांनी हा धातू शरीरात कुठून कुठे जातो याचा माग काढला. तांबं-६४ चं अर्धायुष्य तेरा तासांच्याही आत, तांबं-६७ चं अडीच दिवसांच्या आसपास. म्हणजे घड्याळाशी शर्यत लावून मोजमाप करायचं. त्या काळी या आजाराचं जनुक माहीत नव्हतं. एटीपी७बी हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर सापडलं ते १९९३ मध्ये. यकृताच्या पेशीतला एक पंप त्या जनुकावरून घडतो. तो तांबं पित्तात ढकलतो आणि सेरुलोप्लाझमिन या प्रथिनात बसवतो. पंप बिघडला की तांबं आत अडकतं. हे आज आपण एका वाक्यात म्हणतो.

मग १९६९. हा निबंध मी कितीदा वाचला असेल कोण जाणे. पेनिसिलामाइन काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा करतं, कुणाच्या रक्तपेशी घटवतं, कुणाच्या त्वचेला बिघडवतं, कुणाची स्वतःची प्रतिकारशक्तीच अंगावर येते. ज्याच्या नावावर हे औषध, त्याच माणसाने ज्या नियतकालिकात ते जाहीर केलं होतं त्याच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला हे थांबवावं लागलं आणि दुसरं काही शोधावं लागलं. औषध थांबवलं तर तांबं मारणार, चालू ठेवलं तर औषध. केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ हॅल डिक्सन यांनी ट्रायएथिलीन टेट्रामाइन सुचवलं. चार नायट्रोजन एका साखळीत. तांब्याला चारही बाजूंनी घेरायला योग्य. कारखान्यात वापरायचं रसायन होतं ते. कुठल्याही कंपनीला त्यात रस असण्याचं कारण नव्हतं, एवढे थोडे रुग्ण. तरी ते औषध झालं. आज त्याला ट्रायएन्टीन म्हणतात. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे तिथल्या एका कंपनीने त्याची किंमत इतकी चढवली की रुग्णांची कुटुंबं हादरली. एका डॉक्टरने आपल्या हाताखालच्या मोजक्या रुग्णांसाठी उभं केलेलं औषध असं नफ्याचं साधन व्हावं, याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

भावाला पेनिसिलामाइनच सुरू झालं. रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, सोबत बी-६ ची गोळी. आमच्या घराचं वेळापत्रक त्या गोळीभोवती फिरायला लागलं. आम्ही रत्नागिरीकडचे. काजू, कालवं, तिसऱ्या, अळंबी, चॉकलेट, काळीज-यकृत, सगळं त्याच्या ताटातून गेलं. घरात आजोबांच्या वेळचा तांब्याचा हंडा होता, तो आईने माळ्यावर टाकला. शेजारच्या काकूंनी विचारलं, “त्या हंड्यातल्या पाण्यानेच झालं का गं?” नाही, त्याने नाही झालं. हा आजार आईवडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. आमचे आईवडील आते-मामे भावंडं. आमच्याकडे असं लग्न आनंदाने ठरवतात, घरातली मुलगी घरातच राहिली म्हणतात. त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते, हे आता आमच्या घरात सगळे जाणतात, आणि पुढच्या पिढीची लग्नं ठरवताना ते बोललं जातं.

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हिचीही तपासणी करा. भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक. स्टर्नलीब आणि शाइनबर्ग या अमेरिकन जोडीने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं, की ज्यांना आजार आहे पण अजून लक्षणं नाहीत अशांना आधीच औषध दिलं तर आजार उमटतच नाही. मेंदूचा विकार गोळीने टाळता येतो, हे वैद्यकात फार थोड्या ठिकाणी म्हणता येतं. माझं रक्त घेतलं, चोवीस तासांची लघवी डब्यात जमा केली, डोळे पाहिले. मी निरोगी निघाले. मला हायसं वाटलं आणि भावाच्या तोंडाकडे बघवेना. तोच म्हणाला, “ताई, बरं झालं. दोघांच्या गोळ्या कोण आठवणार होतं?”

पहिले काही महिने त्याची प्रकृती उलट ढासळली. हात जास्त थरथरायला लागले, बोलणं जवळजवळ बंद झालं. अमेरिकेतल्या ब्रूअर यांनी १९८७ मध्ये हे नोंदवलं आहे: मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांची पेनिसिलामाइन सुरू केल्यावर अवस्था बिघडते, आणि त्यातल्या काहींची पुन्हा सुधारत नाही. ब्रूअर यांचा भर जस्तावर होता. जस्त आतड्यातच तांब्याला अडवतं. वॉल्श यांचं त्यांच्याशी पूर्णपणे जमलं नाही. कोणतं औषध आधी द्यावं यावर वैद्यकातला वाद बराच काळ चालला, आणि तो पेटलेला होता. घरात बसून दोन्ही बाजू वाचणाऱ्या मला तेव्हा फार भीती वाटायची. आपण योग्य बाजूला आहोत का, हे सांगायला कुणी नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी मात्रा कमी केली, हळूहळू चढवली, नंतर जस्त जोडलं. वर्ष उलटायच्या आत भाऊ वाक्यं बोलू लागला.

त्या भीतीच्या काळात मी वॉल्श आणि यीलंड यांचा १९९३ चा निबंध वाचला. मेंदूची लक्षणं असलेल्या १३७ रुग्णांचं पुढे काय झालं, याचा तो हिशेब आहे. ५७ जण पूर्ण बरे झाले, लक्षणं उरली नाहीत. ३६ जण चांगले सुधारले, थोडा दोष मागे राहिला. २४ जणांचा आजार थांबला, पण अपंगत्व राहिलं. २० जण गेले. त्या वीसांत काहींना उपचार जेमतेमच मिळाले होते. बाकीच्यांना उपचार पुरेसे मिळूनही ते का गेले, याचं उघड कारण सापडलं नाही, असं निबंधात सरळ लिहिलेलं आहे.

मी ते आकडे वहीत उतरवून घेतले. ५७ आणि ३६ ची बेरीज केली, ९३. भाऊ त्या ९३ मध्ये यावा असं मनात धरलं. पण विश्वास बसला तो त्या २० जणांमुळे. आपल्या औषधाने न वाचलेली माणसं जो आपल्याच निबंधात मांडतो आणि कारण सांगता येत नाही म्हणून लिहितो, त्याने बरे झालेले मोजतानाही हात सैल सोडला नसणार. यशाचे निबंध पुष्कळ असतात. उपचार करूनही गेलेल्या माणसांची अशी नोंद ठेवणं, आणि ती चाळीस वर्षांच्या कामानंतर ठेवणं, याला मी संशोधनातलं सर्वांत मोठं काम मानते.

आनंदाचेही निबंध आहेत. १९७७ आणि १९८६ मध्ये वॉल्शनी आपल्या रुग्ण स्त्रियांच्या गरोदरपणावर लिहिलं. औषध चालू ठेवायचं का, बाळाला काही होईल का, प्रसूती नीट होते का. १९५१ च्या आधी या मुली लग्नाच्या वयापर्यंत पोचणंच कठीण होतं. त्या आता आई होत होत्या, आणि पेनिसिलामाइन देणारा डॉक्टर त्यांच्या बाळंतपणाची काळजी वाहत होता. कोरड्या भाषेत लिहिलेले ते निबंध मी आईला वाचून दाखवले तेव्हा ती हसली. ते हसू मला फार दिवसांनी दिसलं.

मुंबईचं काम मला नंतर सापडलं. नोशीर वाडिया हे जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारशास्त्राचा विभाग उभा करणारे डॉक्टर, आणि दाराब दस्तूर हे तिथलेच मेंदूच्या पेशी-ऊतींचे अभ्यासक. दस्तूर, मंघाणी आणि वाडिया यांनी १९६८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात भारतातल्या १६ कुटुंबांमधल्या विल्सन्स डिसीजची नोंद केली: कुटुंबं कुठली, नाती कशी, लक्षणं काय. त्या काळात हा आजार पाश्चात्त्यांचा म्हणून आपल्याकडे फारसं कुणी शोधत नसे. भायखळ्याच्या एका सरकारी रुग्णालयात बसून हे काम झालं, याचा मला अभिमान आहे. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत ताली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन दशकांतल्या २८२ रुग्णांचा वृत्तांत २००७ मध्ये छापला. वर्षभराने सिन्हा आणि ताली यांनी आणखी एक निबंध लिहिला: दोन्ही औषधं घेणाऱ्या रुग्णांचं पेनिसिलामाइन काळजीपूर्वक बंद करून नुसत्या जस्तावर ठेवता येतं का? येतं, आणि ते स्वस्तही पडतं, असा त्यांचा निष्कर्ष. इंग्लंडच्या डॉक्टरला रुग्णाच्या खिशाचा विचार निबंधात करावा लागत नसेल. आपल्याकडे तो करावाच लागतो. महागडी गोळी महिन्याच्या शेवटी घेतलीच जात नाही.

आणि पुणे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत एका निराळ्या आजाराचा पिच्छा पुरवला. दोन-तीन वर्षांच्या आतली बाळं, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं टणक, आणि थोड्याच महिन्यांत मृत्यू. एका घरात एकामागून एक मुलं जायची. भारतीय बालयकृत काठिण्य असं त्याचं नाव. या बाळांच्या यकृतात तांबं अतोनात साठलेलं असे. १९८३ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात या गटाने बोट ठेवलं ते दुधावर: अंगावरचं दूध लवकर तुटलेलं, गायी-म्हशीचं दूध बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवलेलं आणि साठवलेलं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, आणि बाळाचं कोवळं यकृत ते घेत राहतं. पुढे त्यांनी आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची जोडीजोडीने तुलना केली, आणि १९८७ मध्ये पेनिसिलामाइनच्या चाचण्यांचा निबंध आला. लवकरच्या अवस्थेत औषध मिळालेली काही बाळं जगली. बॉस्टनच्या वॉर्डात आठवलेला तो रेणू पुण्यात पोचला होता.

तांबं हेच मूळ कारण, हे सगळ्या संशोधकांना पटलेलं नाही. त्यावर आक्षेप घेणारे निबंधही आले. पण पितळी पातेली स्वयंपाकघरातून गेली, अॅल्युमिनियम आणि स्टील आलं, मातांना सल्ला दिला गेला, आणि हा आजार आज इतका विरळ झालाय की तरुण डॉक्टरांनी तो पाहिलेला नसतो. माझ्या आजीची दोन बाळं पोट फुगून गेली. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. ती कशाने गेली हे मला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. पण आजीच्या वेळी कल्हईवाला वर्षातून दोनदा दारावर यायचा, आणि ज्या वर्षी हातात पैसे नसत त्या वर्षी भांडी तशीच वापरली जात, हे तिनेच सांगितलेलं आहे. केईएमच्या निबंधातला बिनकल्हईच्या भांड्यांचा उल्लेख वाचताना मला ती आठवते.

भावाने मध्ये एकदा औषध सोडलं. इंजिनिअरिंगला वसतिगृहात होता, बरा होता, क्रिकेट खेळत होता, आणि मित्रांसमोर रोज गोळ्या काढायची त्याला लाज वाटायची. काही महिने आम्हाला कळलंही नाही. कळलं ते त्याच्या फोनवरच्या आवाजावरून, शब्द पुन्हा जड झाले होते. वॉल्श आणि ए. के. डिक्सन (हे हॅल डिक्सन नव्हेत) यांचा १९८६ चा एक निबंध याच विषयावर आहे, औषध सोडण्याचे धोके. बरे झालेले, कामाला लागलेले रुग्ण गोळ्या थांबवतात आणि आजार पहिल्यापेक्षा कठोर होऊन परततो. पुन्हा औषध दिलं तरी काही जण वाचत नाहीत. मी तो निबंध छापून त्याच्या हातात दिला. उपदेश केला नाही. तो रात्रभर वाचत बसला. सकाळी म्हणाला, “या आजोबांना सगळं आधीच माहीत असतं.” तेव्हापासून वॉल्श आमच्या घरात केंब्रिजचे आजोबा झाले. केंब्रिजमधून निवृत्त झाल्यावरही लंडनच्या रुग्णालयात ते आपले रुग्ण बघत राहिले, २००९ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’मध्ये या आजाराच्या साऱ्या प्रवासावर लिहिलं, आणि शंभरी ओलांडून २०२२ मध्ये गेले. भावाने त्या दिवशी मला फोन केला होता. घरचं माणूस गेल्यावर करतात तसा.

भाऊ आता पुण्यात नोकरी करतो. डावा हात थोडा कापतो, भरभर बोलताना अडखळतो. त्या ३६ जणांत तो बसतो. गेल्या वर्षी त्याचे डॉक्टर त्यांच्या जुन्या रुग्णांच्या नोंदींवर निबंध लिहायला बसले आणि त्यांनी विचारलं, नाव न घेता तुमची माहिती वापरली तर चालेल का. भावाने संमतीपत्र वाचलं, सही केली आणि डॉक्टरांना म्हणाला, “सर, मी वसतिगृहात गोळ्या बंद केल्या होत्या, तेसुद्धा लिहा. किती महिने ते माझ्या फाइलमध्ये आहे.”